मामांच्या नावावर माझं दुखणं

आधी चूक सांगतो, मग माणूस सांगतो. माझं एक दुखणं मी दुसऱ्याच्या नावावर खपवलं. ज्याच्या नावावर खपवलं तो सत्तरीच्या घरातला, बायको वारून बरीच वर्षं झालेला माणूस होता. त्या दुखण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याने ते निमूटपणे अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. पुढे बरेच महिने लोक त्याला हसत राहिले. त्यातल्या एका हसण्याला तर मीच निमित्त दिलं.

सगळं बेल्हे गाव त्यांना मामा म्हणायचं. मीही मामाच म्हणतो. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. त्यांच्या नावाचा वापर मी एकदा करून घेतला आहे, तेवढा पुरे.

मामा माझे घरमालक. बाजारतळाच्या मागे त्यांच्या चार खोल्या, त्यातल्या दोन माझ्याकडे भाड्याने. मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला आहे. गाय माजावर आली की शेतकऱ्याचा फोन येतो, मी मोटारसायकलला गोठवलेल्या रेताचं नळकांडं बांधून जातो आणि कृत्रिम रेतन करून येतो. मी डॉक्टर नाही, पण सगळे डॉक्टर म्हणतात. आसपासच्या वस्त्यांवर बागडणारी बरीच वासरं माझ्या हातची आहेत. हे वाक्य लोक माझ्या तोंडावर निरनिराळ्या प्रकारांनी म्हणतात आणि मी दरवेळी हसतो. हे मुद्दाम सांगितलं, कारण माझं दुखणं कळल्यावर मी ते का लपवलं याचा अंदाज यावा. समर्थन म्हणून सांगत नाही.

मामांचं घराणं मूळचं मेंढपाळ. वडिलांनी मेंढरं मोडून जमीन धरली आणि मामांनी जमीन भावाकडे ठेवून बाजार धरला. ते हेडी होते, म्हणजे जनावर विकणारा आणि घेणारा यांच्या मधला माणूस. मेंढरं गेली तरी एक मेंढी त्यांच्या ओट्यावर कायम बांधलेली असे. ती दूध देत नसे, तिला पिल्लं होत नसत, लोकरही कातरत नसत. मी एकदा विचारलं, "मामा, हिचा उपयोग काय?"

"तुमचा काय हाय?" मामा म्हणाले. "भाडंकरू हाये. ती बी ऱ्हाती."

बेल्ह्याच्या बाजारात जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. हेडी खांद्यावरचा रुमाल हातावर टाकतो, समोरचा त्याखाली हात घालतो आणि बोटं धरून, दाबून भाव सांगितला जातो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळतो. ठरलं की हात एकदा घट्ट दाबायचा. मग तो सौदा पुन्हा उघडायचा नाही. ही पद्धत सगळ्याच हेड्यांची. मामांचं वेगळेपण असं की ते ती बाजाराबाहेरही वापरत. टोमॅटो घेताना रुमाल टाकत. एसटीत कंडक्टरपुढे रुमाल धरत आणि नवा कंडक्टर घाबरून मागे सरके. बँकेत मॅनेजर बाईंनी वय विचारलं तेव्हा मामांनी काउंटरवर रुमाल पसरला. बाईंनी शिपायाला बोलावलं. शिपाई बेल्ह्याचाच होता. त्याने हात घालून वय विचारून घेतलं आणि बाईंना सांगितलं. मामांना ते आवडलं नाही. "मी त्याला सांगितलं व्हतं, गावाला न्हाई," ते म्हणाले.

पण भाव असा झाकणारा हा माणूस खोड कधी झाकत नसे. जनावर दाखवायला उभं केलं की गिऱ्हाईकाने विचारायच्या आत मामा मोठ्याने त्याच्या खोडी सांगत. "ह्यो बैल पान्याला बुजतो." "ही गाय डाव्या अंगाला लाथ मारती, उजव्या अंगानं बसा." विकणाऱ्याच्या अंगावर काटा येई. पण मामांनी दाखवलेलं जनावर परत आलं असं फारसं घडत नसे, म्हणून लोक त्यांनाच शोधत येत. मी विचारलं होतं, की भाव लपवता आणि खोड उघड सांगता, हे उलटंच नाही का?

"भाव दोगांचा आसतो," मामा म्हणाले. "खोड जो संबाळनार त्याला ठावं पायजे. त्यात काय लाजायचं? बैल लाजतोय का?"

पुतणीला बघायला मुलगा आला तर त्याला त्यांनी आधी अंगणात चालून दाखवायला सांगितलं. मुलगा चालला. मग मामांनी स्वतःहून मुलीच्या खोडी सांगितल्या: लवकर उठत नाही, रागाला तिखट आहे, भाकरी जाड थापते. लग्न जमलं. पुतणी आजही मामांशी बोलत नाही, पण नांदते चांगली.

आता माझं दुखणं. पुरुषाचं जे जमायला हवं ते मला जमेनासं झालं होतं. एकदा-दोनदा नाही, जवळपास नेहमीच. साखर मला बरीच आधीपासून होती आणि ती मी फारशी मनावर घेतली नव्हती, तंबाखूही होती. बायको काही बोलत नसे. तिचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जड जाई. मी उशिरापर्यंत वस्त्यांवर रेंगाळू लागलो. एखादी गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, की पूर्वी मी शांतपणे कारण सांगे. आता शेतकऱ्यावर खेकसू लागलो.

एका संध्याकाळी मामा ओट्यावर मेंढीला पाला टाकत होते. मला म्हणाले, "डॉक्टर, बसा. तुमची चाल बदलली."

"काही नाही मामा."

"बोलू नका." त्यांनी रुमाल हातावर टाकला. "घाला हात. व्हय आसंल तर येक बोट दाबा, न्हाई आसंल तर दोन."

का कोण जाणे, मी हात घातला.

"पैशाचं हाय?" दोन बोटं.

"घरात भांडान?" दोन बोटं.

"आंगाचं?" मी एक बोट दाबलं.

मामांनी आवाज खाली आणला. "कमरंच्या खाली?"

मी एक बोट दाबलं आणि सोडलंच नाही. आयुष्यात ती गोष्ट मी पहिल्यांदा कुणाला सांगितली आणि ती तोंडाने सांगावी लागली नाही. मामांनी त्याबद्दल पुढे काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "पुन्याला कदी जायचं? मी येतो. येकटा मानूस दवाखान्याच्या दारातनं माघारी फिरतो."

ते खरं होतं. मी एकदा तसा फिरलो होतो.

मी मोबाईलवर शॉकवेव्हच्या उपचाराबद्दल वाचलं होतं. एसटीत मामांना समजावून सांगितलं. बाहेरून एक यंत्र लावतात, त्यातून लाटा आत जातात, रक्त कमी येत असेल तर वाढायला मदत होते असं म्हणतात.

"मुतखडा फोडत्यात त्येच का?"

"त्याच जातीचं, पण फार हलकं."

"मंग काय फुटायचं बिटायचं न्हाई ना?"

पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून पाहिलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

पुण्याचे डॉक्टर चाळिशीचे, चष्मा लावणारे, संथ बोलणारे होते. मामा माझ्याबरोबर आत आले आणि मी बोलायच्या आधीच म्हणाले, "सायेब, मशीनच्या खोडी सांगा आदी."

डॉक्टरांनी मामांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बरं. सगळ्यांना गुण येत नाही. आला तर किती टिकेल ते मी सांगू शकत नाही. ह्याबद्दल डॉक्टरांचंही अजून एकमत नाही. बऱ्याच जणांचं काम साध्या गोळीने होतं. आणि साखर अशीच राहिली, तंबाखू चालू राहिली, तर मशीन काय, मीही काही करू शकणार नाही. आधी तपासण्या करू. हृदयाचीही करू, कारण कधीकधी हे तिकडचं पहिलं लक्षण असतं."

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "खोडी सांगितल्या. हितं घ्याला हरकत न्हाई."

तपासण्या झाल्या. हृदय ठीक निघालं, साखर निघायची तेवढी निघाली. तंबाखूची पुडी मामांनी माझ्या खिशातून काढून स्वतःकडे ठेवली आणि स्वतःच खाऊन संपवली. मग दर आठवड्याला एकदा आम्ही पुण्याला जाऊ लागलो. टेबलावर झोपायचं, थंडगार जेल लावतात, मग हातात धरायचं एक दांडकं टेकवतात. टक्-टक्-टक् असा आवाज येतो. दुखत नाही, कुणी टिचक्या मारत असल्यासारखं वाटतं. मी छताच्या पंख्याकडे बघत राही. इतकी वर्षं मी गाईंच्या मागे उभा राहून "हो, हो, झालंच" म्हणत आलो आहे. त्या टेबलावर मला पहिल्यांदा गाईची बाजू कळली. मामा बाहेर बाकावर बसत आणि शेजारच्याला त्याची खोड विचारत.

अशाच एका फेरीला दवाखान्यात पेंडीचे शेठ भेटले. बेल्ह्यात त्यांचं पशुखाद्याचं दुकान. आजोबा राजस्थानातून आलेले, शेठ स्वतः इथेच जन्मले आणि वाढले, माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात. त्यांना खड्याचा त्रास होता. ते आत आले, मला बघून थबकले, आणि नेमकं त्याच वेळी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "शॉकवेव्हचे पेशंट कोण? आत चला."

भिंतीवर मोठा तक्ता होता. शॉकवेव्ह कशासाठी देतात ते त्यावर स्वच्छ मराठीत, चित्रासह लिहिलं होतं. शेठनी तक्ता वाचला आणि मग मला विचारलं, "डॉक्टर, तुम्ही इथे?"

"मामांना घेऊन आलोय," मी म्हणालो.

विचार केला नाही. वाक्य तयारच होतं जणू. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. जनावराचे दात बघताना बघत, तसं. मग रुमाल खांद्यावर टाकला, "व्हय, चला," म्हणाले आणि आत गेले.

मी शेठशेजारी बसलो. शेठ हळूच म्हणाले, "ह्या वयात? असो. काळजी घ्या त्यांची." मी मान हलवली.

आत काय झालं ते मला नंतर कळलं. मामा टेबलाच्या कडेवर बसून राहिले आणि डॉक्टरांना म्हणाले, "भाईर आमच्या गावचा मानूस हाय. थोडा येळ जाऊ द्या." मग त्यांनी डॉक्टरांना मेंढी कशी कातरतात ते सांगितलं. मशीन रिकामंच ठेवण्यापेक्षा गुडघ्याला लावा म्हणाले, पण डॉक्टरांनी ऐकलं नाही. पुरेसा वेळ गेल्यावर मामा बाहेर आले. पाय जरा फाकवून, सावकाश पावलं टाकत, भिंतीला हात लावत आले. बैल लंगडतो की नाही हे आयुष्यभर बघितलेला माणूस लंगडून दाखवायला चुकणार कसा? शेठनी उठून त्यांना बसायला जागा दिली.

परतीच्या एसटीत मी म्हणालो, "मामा, मी तसं म्हणायला नको होतं." त्यांनी रुमाल माझ्या हातावर टाकला आणि हात एकदा घट्ट दाबला. सौदा झाला, आता उघडायचा नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटलं, याची मला आज जास्त लाज वाटते.

शेठ वाईट माणूस नव्हेत. त्यांनी ते फक्त भावाला सांगितलं, तेही मामांच्या काळजीपोटी. भावाने काळजीपोटीच आणखी कुणाला तरी सांगितलं. पुढच्या बाजारात चहाच्या टपरीवर सगळे मलाच विचारायला लागले.

"डॉक्टर, मामांचं मशीन काय म्हंतंय?"

"आवो पन कुनासाटी? मेंढीसाटी का?"

मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला भीती होती की गप्प राहिलो तर कुणीतरी माझ्याकडे नीट बघेल. मी म्हणालो, "मशीन चांगलं आहे हो, बैलच म्हातारा आहे."

टपरी हसली. टपरीवाल्याने माझ्या चहाचे पैसे घेतले नाहीत. खोटं बोललो ते एका क्षणात, घाबरून. हा विनोद मात्र मी सावकाश, कपबशी हातात धरून केला. माझ्या चुकीत सगळ्यात वाईट काय, असं मला कुणी विचारलं तर मी हा चहा सांगेन.

त्यानंतरच्या बाजारात मामांनी रुमाल पसरला तेव्हा एक तरुण हेडी हात मागे घेत ओरडला, "नगं मामा, शॉक बसंल!" भोवतीचे हसले. दुसऱ्यानेही तेच केलं. ती गंमत बाजाराला आवडली. मामा रुमाल पसरून करंजाच्या झाडाखाली उभे राहत, समोरचा हात पुढे करी, मग शॉक बसल्यासारखा उडे, आणि सौदा दुसऱ्या हेड्याकडे जाई. सुरुवातीला जुनी माणसं हसत नसत. पण हसणाऱ्यांच्या देखत हात घालायला त्यांनाही संकोच वाटू लागला. रुमालाखाली हात आला नाही तर हेडी म्हणजे बाजारात उभा राहिलेला नुसता एक म्हातारा. मामा तसे होत गेले. तरी दर बाजारी येत, खोडी सांगत. "ही म्हैस उनात धाप टाकती." कुणी ऐकायला नसे.

खरं एका वाक्याचं होतं. ते त्यांना कधीही सांगता आलं असतं. मी ज्या टपरीवर चहा पीत असे तिच्यापासून करंजाचं झाड हाकेच्या अंतरावर आहे.

इकडे माझी साखर उतरली, तंबाखू सुटली, मशीनच्या फेऱ्या संपल्या, डॉक्टरांनी गोळीही दिली होती. फरक पडला. कशाने पडला ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. किती पडला ते लिहिण्याइतका मी अजून सुधारलेलो नाही. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं, एवढं सांगतो.

बायकोला अर्थातच सगळं ठाऊक होतं. ती रोज दुपारी मामांना कालवण नेऊन देई. एका दुपारी ती वाटी घेऊन गेली आणि तशीच भरल्या वाटीने परत आली. म्हणाली, "मामांनी रुमाल मेंढीच्या अंगाखाली अंथरलाय."

"कोणता?"

"कोणता म्हणजे? त्यांच्याकडे एकच आहे." तिने वाटी आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली. "मी विचारलं, तर म्हणाले, 'तिला थंडी वाजती, मला आता लागत न्हाई.' परवा बाजाराला जाणार नाहीत म्हणे. तुम्हाला बरं वाटतंय ना आता? मग मामांना काय झालंय ते तुम्हीच लोकांना सांगा. मी रोज त्यांच्या दारात जाते. मला त्यांच्याकडं बघवत नाही."

मी गेलो, मेंढीला बाजूला सारलं आणि रुमाल उचलला. मामा आत झोपले होते. बायकोने तो दोनदा धुतला. मेंढीचा वास पूर्ण गेला नाही.

बाजाराच्या दिवशी मी मामांना म्हणालो, "एक गाय घ्यायचीय मला. तुम्ही बघून द्या." हे खोटं होतं. मामांनी माझ्याकडे पाहिलं, पण चप्पल घातली.

करंजाखाली नेहमीची गर्दी होती. टेम्पोतून बैल उतरत होते. तो तरुण हेडी तिथेच होता. शेठ पेंडीच्या कुणा गिऱ्हाईकाशी बोलत उभे होते. जनावर दाखवायला जिथे उभं करतात, त्या मोकळ्या जागेत मी जाऊन उभा राहिलो.

"आरं डॉक्टर," कुणीतरी ओरडलं, "तुमी कुटं दावणीला उभं ऱ्हायला?"

"खोड सांगायचीय," मी म्हणालो. मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणालो. "खोड सांगायचीय. पुण्याला मशीनवर मामा झोपले नाहीत. मी झोपत होतो. दुखणं माझं होतं. मामा मला सोबत म्हणून यायचे. शेठ, मी तुमच्याशी खोटं बोललो. आणि टपरीवर जे बोललो, ते माझ्याच तोंडचं होतं आणि माझ्याबद्दलच खरं होतं."

एक बैल हंबरला. शेठनी टोपी काढून हातात घेतली. मग मागून एक जण हसला, दुसरा हसला, आणि हसणं माझ्याकडे येऊ लागलं. ते आजही पूर्ण थांबलेलं नाही. कुणाच्या गोठ्यात गेलो की "डॉक्टर, शॉक नका देऊ गायीला" असं हमखास ऐकतो. गाईंना मात्र काही फरक पडलेला नाही.

तो तरुण हेडी हसला नाही. तो मामांसमोर गेला, खाली बघत उभा राहिला आणि त्याने आपला हात पुढे केला. मामांनी तो घेतला नाही. ते माझ्याकडे बघत होते.

"डॉक्टर," ते म्हणाले, "हळू बोला. जनावरं बुजत्यात."

मी त्यांच्यापाशी गेलो. धुतलेला रुमाल माझ्या खांद्यावर होता तो त्यांना दिला. पुढे काय म्हणायचं हे मी रस्ताभर जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना. मामांना ते दिसलं असावं. त्यांनी रुमाल हातावर पसरला आणि पुढे केला, म्हणजे मला तोंडाने बोलावं लागू नये. भोवतीच्या सगळ्यांना तो पसरलेला रुमाल दिसत होता. माझा हात त्याच्या अगदी जवळ गेला होता.

मी रुमाल बाजूला केला. मामांचा उघडा हात सगळ्यांदेखत दोन्ही हातांत धरला आणि म्हणालो, "मामा, माझं चुकलं. मला माफ करा."